शेवटच्या सॉकेटमधला वाटाड्या

"आज दांडा दक्षिणेकडे सरकलाय, केतकी. कालच्यापेक्षा बराच. तुझ्या बाबांची होडी आत येताना तिला मी..."

एवढं बोलून वाटाड्या थांबला. त्याचे दोन्ही हिरवे डोळे विझले आणि मान समुद्राकडे वळलेली होती तशीच राहिली.

"वाटाड्या? ए वाटाड्या!" धक्क्याच्या टोकावर उभी राहून केतकी ओरडली. उत्तर कुठून येणार? समोरच्या खडकावर तो नुसत्या लोखंडी खांबासारखा उभा होता.

तसं पाहिलं तर यात नवीन काही नव्हतं. गेले काही महिने वाटाड्या रोज दिवेलागणीला असाच बंद पडायचा आणि सकाळी उठून काही झालंच नाही अशा थाटात बोलायला लागायचा. त्यावर नवखाडीतल्या सगळ्या शहाण्यांची अक्कल पाजळून झाली होती. एकजण म्हणाला, तारेत खारं पाणी शिरलंय. झालं, तार बदलली. दुसरा म्हणाला, छे छे, डोक्यातच बिघाड आहे. मग डोकं उघडून, पुसून, परत बसवलं. दिवसा तपासावं तर सगळं ठणठणीत, आणि संध्याकाळ झाली की पुन्हा तेच! शेवटी लोकांनी त्याचा नाद सोडला. होड्या काय, दुपारीच परत येतात. मग रात्री वाटाड्या झोपला तर कुणाचं काय अडतंय?

आज मात्र अडणार होतं. केतकीचे बाबा अजून समुद्रात होते.

नवखाडी हे तराफ्यांवरचं गाव. समुद्र चढत चढत जुन्या गावाच्या अंगणात शिरला, तेव्हा लोक म्हणाले, आता पाणी हटत नाही तर आपणच तरंगू. खाडीच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला, मोठमोठे तराफे एकमेकांना बांधून त्यावर घरं उभी राहिली. घराघरांमधून डुलते साकव गेले. खाडीच्या तोंडाशी, खडकावर, हा यंत्रमानव वाटाड्या आला. तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा होता (दांडा म्हणजे साचलेल्या वाळूचा लांबट उंचवटा), आणि तो मेला एका जागी राहीलच असं नाही. आज इथे, उद्या तिथे. वाटाड्या पाण्यात आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचा आणि त्यावरून कुठे किती खोल पाणी आहे ते होडीला सांगायचा. होडी कुठे आहे हे उपग्रह सांगतो हो, पण आजची वाळू कुठे आहे हे त्याला काय माहीत?

दुपारी वायरलेसवर बाबांचा आवाज आला होता. इंजिन धड चालत नाही, होडी रांगतेय, बाहेर वारा वाढतोय. बाहेर थांबून राहावं तर लाटा खडकांवर नेऊन टाकतील. "दिवेलागणीपर्यंत पोचतो," बाबा म्हणाले होते, "पण वाटाड्याला जागं ठेवा काहीही करून. त्याच्याशिवाय मी आत शिरू शकणार नाही." तेव्हापासून आई वायरलेसपाशी बसून होती आणि केतकी वाटाड्यापाशी. निदान दिवेलागणीपर्यंत तरी तो जागा राहील, अशी तिची समजूत होती.

आणि आत्ता तर दिवेलागणीला अजून तासभर अवकाश होता!

केतकीनं वर बघितलं. आभाळ काळंकुट्ट भरून आलं होतं. मागे वळून बघितलं तर घराघरांत दिवे लागलेले. मालनकाकींच्या घराला तर नुसती रोषणाई होती, कारण आज त्यांच्या नातवाचं बारसं होतं. माळा, झुंबर, पंखे, गाण्याचा मोठा स्पीकर... सगळं चालू.

ती तशीच उभी राहिली. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि ती साकवावरून धावत सुटली.

"आजोबा! आजोबा!"

आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, भास्कर पावसे. हे एका मोठ्या प्रयोगशाळेत जन्मभर विजेवर संशोधन करून निवृत्त झाले होते आणि कालच लेकीकडे राहायला आले होते. साकवावरून चालायची त्यांना सवय नव्हती. दोन्ही हातांनी दोर धरून ते एकेक पाऊल टाकत होते.

"आजोबा, वाटाड्या घड्याळ बघून नाही झोपत!" केतकी धापा टाकत म्हणाली. "तो दिवे लागले की झोपतो. रोज दिवे संध्याकाळी लागतात म्हणून सगळ्यांना वाटायचं, की तो संध्याकाळी बंद पडतो. आज ढगांमुळे दिवे लवकर लागले, तर हा पण लवकर बंद!"

आजोबांनी दोर सोडला. पडतापडता सावरले. "शाबास! आता मला सांग, या गावात वीज येते कुठून?"

"मोठ्या तराफ्यावरून. तिथल्या खोलीत एक पेटी आहे, तिच्यातून सगळ्यांच्या तारा निघतात."

"चल, दाखव मला. आणि जरा हात धर बाई माझा."

मोठ्या तराफ्यावर सौर पत्रे होते, खाली मोठी बॅटरी होती आणि शेजारच्या कोरड्या, बंद खोलीत ती पेटी. तिच्या पुढच्या बाजूला सॉकेटांची ओळ होती, एक ते चोवीस. प्रत्येक सॉकेटात एक निळी तार खोचलेली आणि वर एक इवलासा हिरवा दिवा. सगळे दिवे लागलेले. एक सोडून. चोविसावा.

"ती वाटाड्याची तार," केतकी म्हणाली.

"हं." आजोबा खाली वाकले. "ही पेटी म्हणजे स्विच (अनेक यंत्रांच्या तारा एकत्र जोडून कुणाचा निरोप कुणाकडे पोचवायचा ते बघणारं यंत्र). पण ही नुसते निरोप देत नाही, त्याच तारेतून वीजही देते. खाऱ्या पाण्यावर दोनशे तीस व्होल्टच्या तारा घरोघर न्यायच्या म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून इथे पन्नासच्या आसपास व्होल्टची, एकाच दिशेनं वाहणारी वीज नेलीय, निरोपाच्याच तारेतून."

"पण एकाच तारेतून दोन्ही? भेसळ नाही होत?"

"बरोबर शंका! तार एक दिसते, पण आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या जोडीनं पिळलेल्या. समज, एका जोडीतल्या दोन तारा म्हणजे शेजारी-शेजारी बांधलेल्या दोन होड्या. भरती आली की काय होतं?"

"दोन्ही वर उचलल्या जातात."

"किती?"

"सारख्याच."

"तर वीज म्हणजे ही भरती. एका जोडीतल्या दोन्ही तारांना ती सारखीच वर उचलते आणि दुसऱ्या जोडीवाटे परत येते. आणि निरोप म्हणजे शेजारच्या होडीपेक्षा दुसरी होडी किंचित वर-खाली हलते ना, तेवढा फरक. भरती कितीही असो, तो फरक तसाच राहतो. पलीकडचं यंत्र फरक मोजून निरोप वाचतं आणि भरतीवर आपलं पोट भरतं."

एरवी केतकीला हे ऐकून केवढा आनंद झाला असता! पण आत्ता तिचं अर्धं लक्ष बाहेरच्या वाऱ्याकडे होतं. खोलीचं दार आपोआप आपटत होतं.

"मग वाटाड्याचं पोट का भरत नाही, आजोबा? लवकर सांगा ना."

"सांगतो. ही पेटी आंधळेपणानं वीज सोडत नाही. तार खोचली की आधी अगदी थोडासा दाब देऊन चाचपून बघते, पलीकडे ठरावीक रोध आहे का (रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा). तो असला, तरच पलीकडे वीज घेणारं यंत्र आहे असं तिला कळतं. नसेल, तर ती वीज देतच नाही. म्हणून तुटलेली तार पाण्यात पडली तरी भीती नाही. उत्तर देणारं कुणी उरत नाही, वीज बंद! मग ती विचारते, बाबा रे, तुला लागेल किती? सगळ्यांच्या गरजेची ती सारखी बेरीज करत असते आणि बॅटरी किती देऊ शकते तेही बघत असते. आणि समजा, बेरीज जास्त झाली तर?"

"तर सगळ्यांना थोडं थोडं कमी देईल."

"तिथेच तर गंमत आहे. नाही देत. अर्धपोटी यंत्र धड चालत नाही, म्हणून ती कुणाला तरी पूर्ण बंद करते. आधी कुणाला? तर कुणाचं काम जास्त महत्त्वाचं ते आपण तिला शिकवून ठेवावं लागतं. शिकवलं नसेल, तर तिला सगळे सारखेच. मग ती साधा नियम लावते. पहिल्या आकड्याला शेवटपर्यंत जपायचं आणि मोठ्या आकड्यापासून कापत यायचं."

"म्हणजे चोवीस आधी," केतकी हळूच म्हणाली.

ती बोलत असतानाच तेविसाव्या सॉकेटवरचा हिरवा दिवा मिणमिणला आणि विझला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अरे, आमच्याकडे अंधार झाला!"

केतकीनं आजोबांची बाही ओढली. "आजोबा, हे रोज नाही होत. रोज नुसता वाटाड्याच जातो."

"आज ढगांमुळे बॅटरी नीट भरलेली नाही आणि बारशामुळे मागणी जास्त. जसजसा अंधार पडेल तसतशी लोकं आणखी दिवे लावतील. ही कात्री पुढे सरकत येणार."

"मग आमची तार काढा ना! आमच्या सॉकेटात वाटाड्याला लावा. आईला काही वाटणार नाही."

आजोबांनी बोटानं ओळ मोजली. केतकीचं घर एकोणिसावं. त्यावरून केतकीला समजलं. एकोणीस पण जाईल. बाबा खाडीच्या तोंडाशी आले असतील, दांडा समोर असेल आणि नेमका तेव्हाच वाटाड्या पुन्हा गप्प होईल. तिचे डोळे भरून आले.

"पेटीला आतून हुकूम देता येतो," आजोबा पुटपुटले, "पण त्याचा पासवर्ड ती बसवणाऱ्या शहरातल्या माणसाकडे असणार. आणि वाऱ्यानं शहराशी असलेली आपली जोडणी मघाशीच तुटलीय. वाटाड्याला स्वतःची बॅटरी का नाही दिली, असं विचारशील तर खडकावर लाटा आणि मीठ खाऊन ती कधीच सडली असती. म्हणून तर सगळ्यांची मिळून एकच बॅटरी, कोरड्या जागी. कल्पना उत्तम आहे गं. पण ज्याच्यावर जीव अवलंबून, तो शेवटच्या सॉकेटात कुणी लावला? कशाच्या हिशेबानं लावल्या या तारा?"

केतकीनं डोळे पुसले आणि प्रत्येक तारेला चिकटवलेली नावं वाचायला लागली. पहिली मालनकाकींची. दुसरी बामणे गुरवांची. तिसरी थोरल्या डोर्लेकरांची. चौथी धाकट्या डोर्लेकरांची... तिचे ओठ थांबले. पुढचं नाव तिला न वाचताच माहीत होतं. त्याच्या पुढचंही!

"आजोबा, हा पालखीचा क्रम आहे!"

"कसला?"

"शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते ना, त्याचा. पहिला मान मालनकाकींच्या घराचा, मग गुरवांचा, मग डोर्लेकरांचा... आम्ही एकोणिसावे. पेटी आली तेव्हा बसवणाऱ्या माणसानं विचारलं असेल, आधी कुणाची तार लावू? मग काय, आमच्याकडे कुठलीही गोष्ट वाटायची म्हटलं की हाच क्रम. पेढे असोत नाहीतर गोडं पाणी! आणि वाटाड्या तर कुणाच्या घरचा नाही. त्याला कसला मान? म्हणून शेवटचा!"

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "हे मला दहा वर्षं इथे बसूनही कळलं नसतं," ते म्हणाले.

बाविसावा दिवा विझला.

"पहिल्या सॉकेटात लावू या वाटाड्याला," केतकी म्हणाली आणि मालनकाकींच्या तारेकडे तिनं हात नेला. आजोबांनी तो धरला.

"विचारल्याशिवाय नाही. त्यांच्या घरात पाहुणे आहेत, तान्हं मूल आहे. अचानक अंधार झाला तर गडबड होईल, आणि त्यांनी येऊन तार परत जागच्या जागी लावली तर? जा, सांगून ये. मी इथे तारांचा गुंता सोडवून ठेवतो. पळ!"

केतकी पळाली. साकव वाऱ्यानं असे हलत होते, की दोनदा ती दोराला धडकली. मालनकाकींच्या दारात चपलांचा ढीग होता. आत पाळण्याभोवती बायका दाटीनं बसल्या होत्या, स्पीकरवर सनई वाजत होती आणि मधोमध मालनकाकी उभ्या होत्या. नऊवारी, नथ, कपाळभर कुंकू. गावात त्यांच्यापुढे मोठ्यानं बोलायची कुणाची टाप नव्हती.

"मालनकाकी!" केतकी म्हणाली. सनईत तिचा आवाज विरून गेला.

"मालनकाकी!!" ती किंचाळली. कुणीतरी सनई बंद केली.

"काय गं? कुणाच्या घराला आग लागली?"

"मला तुमचं पहिलं सॉकेट पाहिजे." हे कसं बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, पण सगळं विसरली. "बाबा बाहेर आहेत. वाटाड्या बंद पडलाय. तो शेवटच्या सॉकेटात आहे, म्हणून पेटी त्याची वीज आधी तोडते. तुमच्या जागी त्याला लावायचंय आणि तुमची तार शेवटी."

"म्हणजे आमच्याकडे अंधार?"

"हो."

"आज? बारशाच्या दिवशी?"

"हो. आणि नुसतं आजच्यापुरतं नाही, काकी. कायमचं."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मालनकाकींच्या भुवया वर गेल्या. "पोरी, शिमग्याला पालखी पहिली कुणाच्या दारात येते?"

"तुमच्या."

"माझ्या सासऱ्यांच्या आजोबांपासून येते. आणि तू मला शेवटी बसवायला निघालीस?"

बाहेर वारा घोंघावत होता आणि केतकीच्या डोळ्यांपुढे ती हिरव्या दिव्यांची ओळ होती, मागून एकेक विझत येणारी.

"पालखी शेवटच्या घरापर्यंत पोचते, काकी," ती कशीबशी म्हणाली. "पहिला मान तुमचा, शेवटचा कुणाचा तरी, पण देव सगळ्यांच्या दारात येतोच. विजेचं तसं नाही हो. वीज मध्येच संपते. मग शेवटच्याला उशिरा मिळते असं नाही, त्याला मिळतच नाही."

पाळण्यातलं बाळ कुरकुरलं.

मालनकाकींनी पदर खोचला आणि त्या तरातरा दाराबाहेर पडल्या. केतकी त्यांच्या मागे. अख्खा साकव त्यांच्या पावलांनी दणदणत होता. रागावल्या की काय, हे काही तिला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

पेटीच्या खोलीत शिरून त्यांनी आजोबांना विचारलं, "अण्णा, कुठली आमची तार?"

आजोबांनी दाखवली. मालनकाकींनी ती स्वतःच्या हातानं ओढून काढली. लांबवर त्यांच्या घराची सगळी रोषणाई एका क्षणात गेली आणि बायकांचा "अगो बाई!" ऐकू आला.

"लाव गं तुझी," त्या केतकीला म्हणाल्या.

केतकीनं चोविसाव्या सॉकेटातली तार ओढली आणि पहिल्यात घातली. हिरवा दिवा लागला नाही.

"आजोबा, नाही लागत!"

"थांब, पेटी चाचपून बघत असेल." पण आजोबांचाही आवाज बदलला होता. एक श्वास, दोन श्वास. दिवा नाहीच.

"टक्‌ असा आवाज आला होता का, तार बसवताना?"

आला होता? केतकीला आठवेना. तिनं अंगठ्यानं तार आत दाबली. टक्‌! क्षणभर काहीच झालं नाही. मग दिवा एकदा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला आणि लागला.

"चाचपलं," आजोबा म्हणाले. "विचारलं. उत्तर मिळालं. दिलं!" आणि मटकन खाली बसले.

मालनकाकींची तार चोविसाव्यात गेली. तिच्यावरचा दिवा अर्थातच लागला नाही. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि साकवावरून अंधाऱ्या घराकडे निघून गेल्या.

पण वाटाड्याला जागं व्हायला वेळ लागायचा. केतकी धक्क्यावर पोचली तेव्हा त्याचे डोळे बंदच होते. आई वायरलेसचा हातातला संच घेऊन तिथेच आली होती, आणि त्यातून बाबांचा आवाज तुटक तुटक येत होता. "तोंडाशी आलोय... दांडा कुठे... इंजिन बंद पडायला आलंय... वाटाड्या?" आईनं केतकीचा हात इतका घट्ट धरला, की दुखायला लागलं. दूरवर होडीचा दिवा लाटांमागे जात होता, वर येत होता. आता आला... आता नाही...

खडकावर हिरवं काहीतरी चमकलं.

"नवखाडी वाटाड्या बोलतोय," तो शांतपणे म्हणाला. त्याला काय माहीत, इथे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय ते! "होडी, तुम्ही दांड्याच्या डाव्या टोकाला आहात. थांबा. पुढची लाट जाऊ द्या. आता उजवीकडे वळा. आणखी. पाणी खोल आहे. या."

होडी वळली. केतकीनं डोळे मिटून घेतले. आई काहीतरी पुटपुटत होती, बहुधा देवाचं नाव. मग इंजिनाची खोकल्यासारखी धापधाप जवळ जवळ येत गेली आणि आईच्या हाताची पकड सैल झाली, तेव्हा कुठे केतकीनं डोळे उघडले. होडी आत होती.

माणसं दोर टाकायला धावली. आजोबा केतकीच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. "पलीकडच्या खाडीत अशीच आणखी तराफ्यांची गावं उभी राहणार आहेत म्हणे," ते म्हणाले. "पुढेमागे किनारा असाच तरंगणार. तिथेही अशा पेट्या लागतील. येशील का माझ्याबरोबर?"

"येईन. तार लावायच्या आधी मी विचारीन, कशाच्या बंद पडण्यानं कुणाचा जीव जाईल? ते पहिलं. मग बाकीच्यांनी मानपानावरून काय भांडायचं ते भांडावं."

आजोबा खळखळून हसले. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं.

बाबा उडी मारून धक्क्यावर आले. नखशिखांत भिजलेले, अंगाला डिझेलचा वास. केतकी त्यांना जी बिलगली, ती सोडीचना. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गावाकडे पाहिलं.

"मालनकाकींकडे अंधार का गं?" त्यांचा आवाज एकदम दबला. "आज बारसं होतं ना? काही बरंवाईट तर नाही झालं?"

केतकीनं एका दमात सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मग तसेच, निथळत्या कपड्यांनी, तिला घेऊन साकवावरून त्या अंधाऱ्या घराकडे चालत गेले. चपलांच्या ढिगापाशी थांबले. आत काही दिसत नव्हतं, नुसती बांगड्यांची किणकिण आणि बायकांचं हळू बोलणं.

"मालनकाकी," बाबा म्हणाले.

"आलास?" आतून खणखणीत आवाज आला. "ये, आत ये. जपून, पाळण्याला पाय लागेल. बाळाची आत्या मघापासून थांबलीय, तू आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणून."

"काकी, काही दिसत नाही इथे."

"नाव ऐकायला आलायस ना? मग त्याला उजेड कशाला लागतो रे?"

बाबांनी केतकीचा हात धरला आणि दोघं चाचपडत आत गेली.